पेंटरने काढलेले संस्थापक

पेंटरला मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगतो. मी गावचं वाचनालय सांभाळायचो आणि तो अधूनमधून तिथल्या चित्रांवर रंगाचा हात फिरवायला यायचा. एवढीच ओळख. त्याच्याबद्दल लिहायला दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून मी लिहितोय. जमेल तसं.

वाचनालयाच्या भिंतीवर गावातली मोठी माणसं ओळीने टांगलेली आहेत. पहिली डॉक्टरीणबाई, शाळेच्या थोरल्या बाई आणि मधोमध गाव वसवणारे संस्थापक. त्यांचा फोटो कुणाकडेच नव्हता. तरुणपणी पेंटरला त्यांचं चित्र सांगितलं, तेव्हा त्याने फळीवर सरळ आपल्या वडिलांचा चेहरा काढला. वडील विहिरी खणायचे. फोटो त्यांचाही नव्हता, पण चेहरा डोळ्यांसमोर होता. शाळेतली मुलं मग ‘संस्थापकांचे प्रेमळ डोळे’ असं निबंधात लिहायला लागली. पेंटरची थोरली बहीण, अक्का, रोज दुपारी पेपर वाचायला यायची. तिला वाचता येत नव्हतं.

गेल्या वर्षी संस्थापकांच्या पणतीने खरा फोटो पाठवला. अरुंद कपाळ, चष्मा, मिशीचा पत्ता नाही. वाचनालयाच्या अध्यक्षांनी पेंटरला बोलावलं.

“त्याच फळीवर काढा. जुनं खरवडून टाका.”

“नवी फळी द्या की, साहेब.”

“सागवानी आहे ही. वाया का घालवायची?”

अध्यक्ष गेल्यावर मी म्हटलं, “वडील आहेत म्हणून सांगून टाका ना.”

“इतकी वर्षं संस्थापक म्हणून खपवले, आता बाप म्हणू? हसतील लोक.”

फळी बाकावर ठेवून तो दिवसभर बसून राहिला. संध्याकाळी म्हणाला, “जरा हात लावा.” दोघांनी धापा टाकत फळी उलटी केली. मागची बाजू कोरी होती. त्याने तिथेच नवे संस्थापक काढले.

“कसे झालेत?”

“घरपट्टी वसुलीला आल्यासारखे.”

“फोटोतही तसेच आहेत,” म्हणत तो ठसका लागेपर्यंत हसला. मग मागच्या रंगाला भिंत घासू नये म्हणून चारही कोपऱ्यांना बुचं ठोकली.

दुसऱ्या दिवशी अक्का आली. चष्मेवाल्याकडे बघून तिचा चेहराच उतरला. पेंटरने तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

“तोंड फिरवून बसलेत होय!” अक्का म्हणाली. “आईशी भांडले की असंच करायचे.” आणि तिने पेपर उघडला.

नंतर पेंटर एकदाच आला. खालीच उभा राहिला, कठड्याला धरून.

“भिंतीला ओल येत नाही ना?”

“नाही.”

“मधूनमधून हात लावून बघत जा.”

“बघतो. वर या, चहा सांगतो.”

“नको. पायऱ्या होत नाहीत आता.”