आबारावच्या जीपला ड्रायव्हर

"सायब, म्या प्यालो न्हाय. कंदुरीचं मटन खाल्लंय नुसतं."

"फुंका."

आबारावनं नळीतनं हवा आत ओढली.

"आत न्हाय हो, भाईर सोडा."

"रस्सा लई तिखट हुता, सायब. भाईर सोडली की ठसका लागतोय."

तिसऱ्या वेळेला हवालदारानं पाठीवर हात ठेवला आणि ठसका न लागता हवा बाहेर आली. कंदुरी म्हणजे दर्ग्याला बकरं कापायचं, भर दुपारी गाव जेवू घालायचं आणि पाव्हण्यांनी कोपऱ्यात बोलावलं की नाही म्हणायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. पण मशीनला रीत कुठली कळती? कोर्टानं दंड केला आणि लायसन सहा महिने बंद झालं.

आबाराव उमरगा-मुरूम रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवतो. दंडाचं त्यानं मनावर घेतलं नाही, नंबरचं घेतलं. स्टँडवर गाड्यांची ओळ ठरलेली. भरलेली गाडी वेळेला सुटली नाही की तो नंबर मागच्याचा, कायमचा. सकाळी साडेनऊचा, मास्तर-नर्सबायांचा नंबर मिळायला आबाराव बारा वर्षं थांबला होता.

म्हणून त्यानं सिद्धाराम नावाचा ड्रायव्हर ठेवला. इथवर बरं झालं. मग स्वतः त्याच्या शेजारी बसला, तिथं बिघडलं.

"क्लच सोड. म्हस बघ, म्हस. तिला काय इचारून जानार हैस व्हय?"

समोर ब्रेक नसला तरी ह्याचा पाय पत्र्यावर दाबलेलाच. चौथ्या दिवशी भरलेल्या गाडीतनं सिद्धाराम उतरला आणि चावी आबारावच्या मांडीवर टाकली.

"मामा, तुमच्या तोंडावरच गाडी चालती. मला कशाला ठिवलाव?"

तो चहाच्या टपरीवर जाऊन बसला. मागच्या नंबरच्या जीपमधनं राजपालनं हॉर्न मारला. "आबा, सुटतुस का म्या लावू?"

आबाराव वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी गेला. वर चढायला दांड्याला हात घातला. तेवढ्यात आतनं क्षमा सिस्टर बोलली. मुरूमच्या दवाखान्यातली, रोजची पॅसेंजर.

"मामा, तुम्ही बसलात तर मी उतरते. परत घावलात की लायसन जाईल, जीपबी जाईल. मग जाईमामीला काय सांगायचं?"

बायकोचं नाव निघाल्यावर दांड्यावरचा हात सुटला. सगळं स्टँड बघत असताना आबाराव टपरीवर गेला.

"चल बाबा."

"बोलनार न्हाय?"

"न्हाय."

"आईभवानीची शपत?"

"तिला कशाला मदी घेतुस? म्हनलं ना न्हाय."

"मग माझ्या शेजारी बसायचं न्हाय. मागं पायरीवर हुबं ऱ्हावा. क्लीनरवानी."

आबारावनं एकदा राजपालकडं बघितलं. त्याचा हात हॉर्नवरच होता.

"हुबं ऱ्हातो. तू चहा संपीव आदी."

जीप सुटली. मालक मागच्या पायरीवर, एका हातानं शिडी धरून. पहिल्याच खड्ड्यात सिद्धारामनं गिअर करकरवला. आबारावनं तोंड उघडलं, खोल श्वास घेतला, आणि रस्त्याकडंच्या लिंबाखाली उभ्या म्हातारीकडं बघून ओरडला,

"मुरूम का, आजी? या, जागा हाय. सरका हो मास्तर जरा."