बाळंतपण अक्कांच्या सुनेचं, धडधड गल्लीची

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. बांधावरून चालून आलं की लुगड्याला कुसळं चिकटतात ना, तसे ते चिकटतात! आमचं गंगाखेडचं घर अक्कांच्या घराला लागून. मधी कमरेएवढी भिंत. म्हणजे माझा बांध तर रोजचाच! लोक मला 'चौकशी खिडकी' म्हणतात. म्हणू द्या. शेजारणीच्या घरात काय चाललंय ते शेजारणीनं नाही बघायचं तर कुणी बघायचं, टीव्हीवाल्यांनी?

अक्का म्हणजे कमलबाई. त्यांचा संदीप शाळेवर मास्तर, आणि प्राजक्ता त्याची बायको. ही पोर जन्मलीच हृदयात दोष घेऊन. लहानपणी मोठं ऑपरेशन झालं, त्यातून वाचली, शिकली, बी.एड. झाली. तिच्या एका बाळंतपणानं आमच्या गल्लीला जेवढे किस्से दिले तेवढे दहा लग्नांनी दिले नसतील.

*

सुरुवात मुलगी बघण्यापासूनच झाली. पेडगावला गेलो होतो. मीसुद्धा! बोलावलं नव्हतं, पण जीपमध्ये जागा होती.

पोहे आले. आता कुणीतरी 'स्वयंपाक येतो का' म्हणून विचारणार, तेवढ्यात पोरीनंच सांगून टाकलं, "माझं लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय. छातीवर मोठा व्रण आहे. मागून कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं."

अक्कांनी पोह्याची बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "माझं पित्ताच्या खड्यांचं झालंय. तुला व्रण दाखवू का?"

सोयरीक तिथंच जमली!

*

लग्नाला वर्ष झालं असेल. एकदा सकाळी स्टेशनवर प्राजक्ता, संदीप आणि अक्का तिघं गाडीची वाट बघत उभे. सोबत दवाखान्याच्या फायलीची पिशवी. माझी नजर पिशवीवर जाणारच!

मी म्हटलं, "काय गं प्राजक्ता, गोड बातमी का?"

"नाही काकू," ती हसून म्हणाली, "गोड बातमी आणावी का, तेच विचारायला संभाजीनगरला चाललोय!"

आमच्याकडं उलट्या लागल्यावर डॉक्टर आठवतो. ही मंडळी आधीच परवानगी काढायला निघालेली!

तिथल्या डॉक्टर मॅडमनी हृदयाची सोनोग्राफी केली, आणि सरळ सांगितलं. धोका आहे, चारचौघींपेक्षा जास्त आहे, पण लक्ष ठेवलं तर निभावता येईल. एक गोळी बाळाला बाधणारी होती, ती आधी बदलली. आणि बाळंतपण करायचं ते जिथं हृदयाचे आणि बाळंतपणाचे डॉक्टर एकाच छताखाली असतील तिथंच. शेवटी मॅडमनी अक्कांना विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

अक्का म्हणाल्या, "नातवंड पायजेच हाय. पण मॅडम, सून आधीची हाय. काही कमीजास्त व्हायलंय असं दिसलं तर आधी तिला बघा."

*

दिवस गेले. पाचव्या महिन्यात पोटातल्या बाळाच्या हृदयाची तपासणी होती. प्राजक्ताला स्वतःपेक्षा त्याचीच धास्ती. आपला दोष बाळात उतरला तर? दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

संदीप मास्तर आत मशीनसमोर बसले आणि पडद्याकडं बघून "वा, छान, नाक अगदी आमच्याकडचं हाय" म्हणायला लागले. डॉक्टर म्हणाले, "सर, ते नाक नाही, पाठ आहे. पण हृदय मात्र एकदम ठीक आहे."

प्राजक्ता तिथल्या तिथं रडली. आणि बाहेर आल्या आल्या तिनं दोन वडापाव खाल्ले!

*

सातव्यात डोहाळजेवण ठेवलं. डॉक्टरांनी मीठ बेतानं सांगितलेलं, लोणचं-पापड तर बंदच. आता उत्सवमूर्तीनं अळणी खायचं आणि बाकीच्यांनी चमचमीत, हे अक्कांना पटंना. त्यांनी अख्ख्या पंगतीचाच स्वयंपाक कमी मिठाचा केला!

पहिला घास घेतला आणि बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कोपऱ्यावरच्या निवृत्त पोस्टमन मामांना राहवेना. "अक्का, मीठ विसरलात वाटतं?"

"विसरले न्हाई," अक्का म्हणाल्या, "तसंच बरणीत हाय. पुडी बांधून देऊ का?"

मामांनी मुकाट्यानं भात वाढून घेतला. त्यांचंही बीपी वाढलेलंच आहे म्हणा!

*

त्यानंतरची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

आमच्याकडं गच्चीवर उशा उन्हाला घालायची पद्धत. एक दिवस अक्कांच्या गच्चीवर उशाच उशा. मी भिंतीवरून आवाज दिला, "अक्का, पाहुणे आलेत का?"

"न्हाई गं."

"मग एवढ्या उशा?"

"प्राजक्ताच्या हायत. आडवं झालं की दम लागायलाय तिला, टेकून झोपती. पोटुशीला दम लागतोच की!"

"बसून झोपावं लागायलंय, हे मॅडमला सांगितलं का?"

"आता उशासुद्धा डॉक्टरला विचारून घ्यायच्या का? तुला आमच्या उशा मोजायचाच धंदा हाय!"

मी घरात वळले. पण आत प्राजक्ता ऐकत होती. पुन्हा सगळ्यांची धावपळ नको म्हणून ती दोन दिवस दम गिळून बसली होती. तिनं फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "आत्ता निघा."

फुफ्फुसात पाणी साचायला लागलं होतं. तिला भरती करून घेतलं. ते दिवस गल्लीत कुणाला चहा गोड लागला नाही. मी तर रोज भिंतीशी जाऊन कुलपाकडं बघून यायची.

औषधं लागू पडली. घरी आले ते संध्याकाळी, मला कळलंसुद्धा नाही. मला! दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरून अक्कांची आरोळी, "शोभा! ये शोभा! बघ गं बाई, आज एकच उशी हाय! मोज!"

*

मॅडमनी सांगितलं होतं, आता आठव्यापासून दवाखान्याजवळच राहायचं. पण तेवढ्यात पेडगावहून विहीणबाई जीप घेऊन हजर. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत!

"माझी लेक तुमी कशी ठेवून घेता? लोक म्हणतील आईला पोर जड झाली," विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी.

"विहीणबाई, मॅडम काही पेडगावला यायच्या न्हाईत," अक्का म्हणाल्या.

दोघींचं बोलणं असं तुटलं की जेवणं तशीच राहिली. मी मधी पडले तर दोघी मिळून माझ्यावरच घसरल्या! रात्र अशीच गेली. सकाळी अक्कांनी संदीपला संभाजीनगरला पाठवलं. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत त्यानं खोली बघितली. तिची किल्ली अक्कांनी आणून विहीणबाईंच्या हातात ठेवली.

"ही खोली तुमची. चूल तुमची, हुकूम तुमचा. तेच माहेर. लेक घेऊन जावा."

पंधरा दिवसांनी अक्का, संदीप आणि मी भेटायला गेलो. अक्का दारातच थांबल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, येऊ का आत?"

"या की, बसा. पाणी घ्या," विहीणबाईंनी सतरंजी अंथरली. असा थाट, की जणू वडिलोपार्जित घर! मागून संदीप आत शिरायला लागला, तर त्याला उंबऱ्यावरच अडवलं. "जावईबापू, गेल्या रविवारीच येऊन गेलात. सासरवाडीला दर आठवड्याला बरं दिसत न्हाई!"

*

बाळंतपणाच्या दिवशी आम्ही दवाखान्यातच होतो. आम्हाला वाटलेलं, हृदयाची पेशंट म्हणजे पोट फाडणार. पण मॅडम म्हणाल्या, शक्यतो नॉर्मलच करू. पाठीत इंजेक्शन देऊन कळा कमी ठेवू आणि शेवटी बाळ आम्ही हलकेच ओढून घेऊ. तिनं जोर लावायचा नाही, हृदयावर ताण येतो.

अक्कांनी हे शेवटचं वाक्य पक्कं धरलं! शेजारच्या खोलीतही एक बाई अडलेली. तिची सासू दाराला तोंड लावून ओरडायलेली, "लाव जोर! लाव गं माय, लाव!" ते ऐकून अक्कांचा जीव खाली-वर. आपल्या पोरीनं चुकून हिचं ऐकलं तर? त्या आपल्या दारापाशी गेल्या आणि खच्चून ओरडल्या, "लावू नको गं! अजिबात लावू नको!"

"लाव जोर!"

"लावू नको!"

शेवटी सिस्टर बाहेर आली. "दोघी बाहेर बाकावर जाऊन बसा! आतल्या बायांना कळंना झालंय कुणाच्या सासूचं ऐकावं!"

दोघी एकाच बाकावर बसल्या. थोड्या वेळानं दोघींच्याही घरी मुली झाल्या.

*

मुलगी झाली, रडली, दूध प्यायली. संदीप जिलेबी आणायला निघाला, तर मॅडमनी थांबवलं. बाळंत झाल्यावरचे दिवसही हृदयाला जड असतात, आत्ताच सुटलो म्हणू नका. मग बारसंसुद्धा पुढं ढकललं. गल्लीत कुजबुज झाली तर अक्का म्हणाल्या, "पोरीचं नाव काही पळून चाललंय का?"

महिना-दीड महिन्यानं पुन्हा तपासणी झाली. मॅडम म्हणाल्या, हृदय जागेवर आलंय, आता घरी जा. गोळ्या आणि तपासण्या मात्र सोडू नका. त्या रविवारी बारसं!

अख्खी गल्ली लोटलेली. पेडगावची जीप भरून आलेली. फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं. पाळणा फुलांनी सजलेला. प्राजक्ता हिरव्या साडीत, शेजारी खुर्चीवर. आत्याबाई नाव सांगायला पाळण्यात वाकली, बायकांनी पाठीवर धपाटे घालायला हात उचलले.

तेवढ्यात अक्का गर्दीतून पुढं आल्या. पाळण्याला वळसा घालून खुर्चीपाशी गेल्या. सुनेसमोर खाली बसल्या, डोक्यावरचा पदर मागं सारला आणि चारचौघांत तिच्या छातीला कान लावला.

प्राजक्ता हलली नाही. तिनं नुसता त्यांच्या केसांवर हात ठेवला.

आत्याबाई वाकलेलीच. "आई, काय करायलीस? लोक थांबलेत!"

अक्कांनी एक हात वर केला.

"गप बस. ऐकू दे."

कुणी बांगडी वाजू दिली नाही. बऱ्याच वेळानं अक्का उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या,

"चालू हाय. म्हणा आता पाळणा."