महालक्ष्म्यांचं बोलावणं

उमरेडच्या घरी महालक्ष्म्यांच्या जेवणाला कुणी कुणाला बोलवत नसे. गणपतीच्या सुट्या लागल्या की संजीवची चुलत-आते भावंडं येऊन थडकत. हातमागाच्या खोलीत सतरंज्या पडत आणि कोण कुणाच्या ताटात जेवतंय, याची चौकशी होत नसे. कुसुमावती आत्या तर दारातूनच ओरडत यायची, "पुरणाले कोण बसलं वं? गुठळ्या राहिल्या तं पाहा!"

वडील, ताराचंद, गेले आणि महालक्ष्म्यांचे मुखवटे संजीवकडे, शहराच्या वेशीवर, वाडीच्या गोदामांमागच्या भाड्याच्या घरात आले. पहिल्या वर्षी एकटी आत्या आली. बाकीच्यांना लांब पडलं असेल? की ते सांगण्याची वाट पाहत होते? संजीवला उमगेना. म्हणून यंदा त्याने घरच्या ग्रुपवर नीट लिहिलं, 'महालक्ष्मी महाप्रसादाचे अगत्याचे निमंत्रण. सहकुटुंब यावे.'

कुणी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी आत्याचा फोन आला.

"काहून गा संजू, आमाले बोलावलं काहून?"

"म्हणजे? तू येत नाही का?"

"आपल्याच महालक्ष्म्यांचं बोलावणं धाडते का कोणी? तुह्या बापानं धाडलं होतं कधी?"

"पण मागच्या साली तू सोडून कोणी आलंच नाही ना, आत्या."

"आता बोलावलं तं येऊ. पाहुण्यावानी येऊ."

आणि खरंच सगळे आले. आत्याचा मुलगा वैभव धरमपेठेतून मिठाईचा डबा घेऊन आला. त्याची बायको ऋतुजा सोफ्याच्या कडेला बसून म्हणाली, "वहिनी, थोडं पाणी मिळेल का?" स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकलं नाही. आत्या मांडीवर पर्स घेऊन खुर्चीत बसली. पोळी मोडताना पुरणातली गुठळी तिच्या बोटांना लागली. तिने ती दाबली, खाल्ली आणि म्हणाली, "छान झालं."

संजीव आत गेला. "आले तं सगळे," तो बायकोला म्हणाला.

अंजूने तव्यावरची पोळी उलटली. "आले ना. मंग मले असं काहून वाटून राहिलं, का कोणीच नाही आलं?"

त्यालाही तेच वाटत होतं. रागावलेली माणसं येतील कशाला? आणि आलीच, तर अशी का बसतील?

निघताना आत्या दारात चपला घालू लागली. संजीव जवळ उभा राहिला. पुढच्या वर्षी या म्हणावं, तर ते पुन्हा बोलावणंच. न म्हणावं, तर आज आलेली ही माणसं जिना उतरतील ती कायमचीच, अशी भीती.

"आत्या," तो एकदम बोलून गेला, "पुढच्या साली आंबिलीचं ताक तू आणजो. इथलं पाकिटातलं आंबटच होत नाही."

आत्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"आता तेही सांगा लागते काय गा?" ती म्हणाली आणि कठडा धरून उतरू लागली.

संजीव दारातच उभा. ती हो म्हणाली, की पुन्हा दुखावली, हे अंजूला विचारायला तो मागे वळला. अंजूही त्याच्याकडेच बघत होती.