आयोनियन समुद्राची तयारी

भाताची झोडणी आटोपली, खळं रिकामं झालं, आणि एका सकाळी यांनी त्यात पांढऱ्या फक्कीने चौतीस फुटांची नौका आखली. कमरेला पंचा, हातात मोजपट्टी, तोंडाने काहीतरी पुटपुटणं चाललेलं. नौकेचं टोक तुळशीकडे, मागची बाजू गोठ्याकडे. आत उभ्या-आडव्या रेघा मारून झोपायच्या दोन खोल्या, शेगडीची जागा, नकाशाचं टेबल आणि सुकाणूचं चाक. सगळं मनासारखं झाल्यावर मला हाक मारली.

"चढा मास्तरीणबाई. पण चपला काढून. नौकेवर बाहेरच्या चपला चालत नाय."

मी शाळेला निघाले होते. तरी पर्स ओट्यावर ठेवली, चपला काढल्या आणि रेघ ओलांडून आत गेले.

"आता चहा करायला जा."

मी शेगडीच्या चौकोनाकडे चालू लागले.

"थांब थांब. शिडाच्या खांबातून आरपार गेलीस. तिथं खांब हाय."

माझी नणंद, यांची थोरली बहीण, ओट्यावर भात पाखडत बसली होती. ती वैशाखऱ्याची. यजमान गेल्यापासून वर्षातले चार महिने आमच्याकडे सापगावला येऊन राहायची. तिने सूप खाली ठेवलं.

"कुनाचं लगीन हाय रं? मांडव कशाला आखलास?"

"मांडव नाय आक्का, नाव हाय. आमी दोघं ग्रीसला चाललोय. तिथं शिडाची नाव भाड्याने मिळते, पंधरा दिवस. मीच चालवनार."

"तू नेशील. परत कोन आननार?"

तिघंही हसलो. त्या दिवशी शाळेत पोहोचायला मला उशीर झाला आणि कारण विचारल्यावर खरं सांगता येईना.

हे एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते, शेवटची नऊ वर्षं कप्तान. आमच्या लग्नाची वर्षं मोजायची तर मी ती सुट्ट्यांवरून मोजते. सात-आठ महिने हे समुद्रावर, मी शहापुरात शाळेत. मूल झालं नाही, त्यामुळे घरात मी आणि सासूबाई, आणि त्या गेल्यावर मी एकटी. पण सवय होते. नदीकाठचं घर, शाळेची पोरं, टोकावड्याचं माहेर, सगळं होतं. नवरा मात्र कायम कुठल्यातरी बंदराच्या नावाने फोनवर यायचा.

आणि एक दिवस हे कायमचे घरी आले. नोकरीची अजून चार-पाच वर्षं सहज राहिली होती. मी विचारलं, तर म्हणाले, "बास झालं गो. आता तुझ्याजवळ राहायचं."

हे वाक्य मी किती ठिकाणी सांगितलं असेल! मुरबाडच्या बाजारात भेटलेल्या मैत्रिणीला, शाळेत सगळ्या शिक्षिकांना, टोकावड्याला वहिनीला. सांगताना आपण बढाई मारतोय हे कळायचं, पण थांबवत नसे. इतक्या वर्षांनी माझी पाळी आली होती.

आल्यावर सहा महिन्यांत यांनी ग्रीसचं काढलं. जहाजावरून ती बेटं लांबून पाहिलेली, कधी उतरायला मिळालं नव्हतं. म्हणाले, "मी कायम पाण्यावर, तू कायम जमिनीवर. एकदा दोघं एका नावेत बसू." शिडाची नौका चालवायचा परवाना त्यांनी पूर्वी एका सुट्टीत काढून ठेवला होता. पण तिथला नियम असा की कप्तानाखेरीज नौकेवर आणखी एक जाणतं माणूस हवं. ते जाणतं माणूस मी.

चौपन्नाव्या वर्षी मी दिवाळीच्या सुट्टीत मुंबईत पाच दिवस शिडाच्या नौकेवर शिकले. पोहता येत होतंच, माझं लहानपण टोकावड्याच्या नदीत गेलेलं. बाकी सगळं नवीन. घरी आल्यावर रोज संध्याकाळी खिडकीच्या गजाला दोरी बांधून सराव. न सरकणारा फास, खुंटीचा वेढा, दोन दोऱ्या जोडायची गाठ. हे माझी बोटं धरून फिरवायचे. बाजारात उभं असताना मधेच विचारायचे, "वारा कुठून?" मी पदराकडे बघून सांगायची.

"पदराकडे नको बघू. मान फिरव. दोन्ही कानांना सारखा लागला की तोंडासमोर वारा."

मुरबाडच्या भर बाजारात मी मान फिरवत उभी, आणि भाजीवाली विचारतेय, "बाई, मान धरली का?"

याद्यांवर याद्या झाल्या. चाकांच्या बॅगा न्यायच्या नाहीत, नौकेवर ठेवायला जागा नसते, घडी होणाऱ्या पिशव्याच हव्यात. पांढऱ्या तळाचे बूट, नाहीतर डाग पडतात. उलटीच्या गोळ्या. तांदळाचं पीठ चार किलो, कारण पंधरा दिवस पाव खाऊन आमचं भागायचं नाही. ग्रीसच्या आयोनियन समुद्रातल्या लेफकाडा नावाच्या बेटावरून निघायचं, रोज किती मैल, कुठल्या खाडीत नांगर, कुठल्या दिशेच्या वाऱ्यात ती खाडी टाळायची, हे सगळं मी नकाशावरून मोठ्याने वाचायचं आणि यांनी ऐकायचं. "वाचल्याशिवाय डोक्यात बसत नाय," म्हणायचे. मी शिक्षिका, मला ते पटायचंच. गाडी मीच चालवायची. "मी आयुष्यभर जहाज चालवलं. आता तू चालव, मी मजा बघतो." डोळ्यात सकाळ-संध्याकाळ थेंब टाकायचे. खाऱ्या हवेने डोळे कोरडे झालेत म्हणायचे.

एकदा आक्काने अंगणात तांदळाच्या फेण्या वाळत घातल्या होत्या. हे सरळ त्यांच्यावरून चालत गेले. आक्का ओरडली, मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्याला बाजूचं दिसत नाय गो. मी दोन-तीनदा पायलंय."

"समोर बघत चालतात हो. जहाजाची सवय," मी म्हणाले.

ती मोडलेल्या फेण्या वेचायला लागली. मी विसरून गेले. आज वाटतं, ज्या बाईने कधी समुद्र पाहिला नव्हता तिला जे दिसलं, ते मला चष्मा लावून दिसलं नाही.

निघायला सात आठवडे उरले तेव्हा मुंबईला एक दिवस दोघांनी मिळून नौका चालवून दाखवायची होती. त्यावर शिकवणारी बाई पत्र देणार आणि ते ग्रीसला पाठवायचं. तिशीची, उन्हाने रापलेली, फार कमी बोलणारी बाई. सकाळ छान होती. मी शिडाच्या दोरीवर, हे चाकावर. किती वर्षांनी यांना असं पाहिलं मी! खरं तर पहिल्यांदाच. कामावरचा नवरा मला माहीतच नव्हता. पाय फाकवून उभे, ओठ मिटलेले, शांत. माझ्या मनात आलं, हा माणूस मला एवढी वर्षं दाखवलाच नाही कुणी.

तेवढ्यात डावीकडून एक होडी येताना दिसली. एक माणूस वल्ह्यावर, एक बाई जाळं ओढतेय. मला वाटलं यांनी बघितलीय. होडी जवळ आली, आणखी जवळ आली. हे तसेच समोर बघत शांत उभे.

"अहो, डावीकडे! होडी!"

यांनी नुसते डोळे वळवले नाहीत, अख्खी मान वळवली, आणि तरी ती कुठे आहे ते शोधत राहिले. शिकवणाऱ्या बाईने उडी मारून चाक हिसकलं. शीड फडफडलं, मी खाली आपटले. होडी आमच्या कडेपासून हातभर अंतरावरून गेली. त्यातली बाई उभी राहून ओरडली, "आंदला हायस काय रं?"

हे म्हणाले, "ऊन डोळ्यांवर आलं."

ऊन आमच्या पाठीमागे होतं. ते आम्हा तिघांनाही कळत होतं. शिकवणाऱ्या बाईने उरलेला वेळ चाक स्वतःकडे ठेवलं आणि धक्क्याला लागल्यावर मला एवढंच म्हणाली, "मला पत्र देता येणार नाही. सॉरी काकू."

परतीला गाडी मीच चालवली, कल्याण मागे पडलं. शहापुरातून सापगावच्या रस्त्याला लागल्यावर, नदीच्या पुलाअलीकडे, मी गाडी बाजूला घेतली.

"कधीपासून?"

"काय?"

"डोळे. कधीपासून?"

यांनी मांडीवरची टोपी उलटी-सुलटी केली. "काचबिंदू हाय. जहाजावर होतो तेव्हाच कळलं. दर दोन वर्षांनी डोळे तपासतात, त्यात नापास झालो. गेलेलं परत येत नाय, डॉक्टर म्हणाला. थेंबांनी उरलेलं जरा टिकतं. आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं. समोरचं बरोबर दिसतं. बाजूचं नाय."

मी ऐकत होते, पण माझ्या डोक्यात दुसरंच वाजलं. तेच आधी बाहेर पडलं.

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी नाही आलात घरी."

ते टोपीची शिवण बोटाने चाचपत राहिले.

"सांगा ना. माझ्यासाठी आलात का?"

"नाय," ते म्हणाले. "काढलं मला. पण तुला तसं सांगायची लाज वाटली."

खोटं बोलले असते तरी चाललं असतं. मग हळू आवाजात म्हणाले, "वाटलं, पंधरा दिवस पुरेल एवढी नजर हाय. समोरचं मी बघीन, बाजूचं तू. तुला सगळं शिकवलं ते त्याच्यासाठीच."

आणि मी बोलून गेले, "म्हणजे मी तुमची काठी."

त्यावर त्यांनी मान खिडकीकडे वळवली. मी गाडी चालू केली.

घरी आल्यावर पदर खोचायच्या आधी मी संगणक उघडला आणि ग्रीसच्या त्या लोकांना लिहिलं की आम्ही येत नाही. हे मागे उभे होते. म्हणाले, "त्यांचा एक कप्तान सोबत घेता येतो. भाड्याने मिळतो माणूस."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, दुसऱ्याच्या हातात चाक देऊन बसणार नाही?"

"म्हणालो होतो," ते म्हणाले. "बसलो असतो."

मी बटण दाबलं होतं.

माझा राग खूप टिकला. भांडण झालं नाही, त्यामुळे मिटायचंही काही नव्हतं. मी जेवण वाढत होते, डॉक्टरकडे नेत होते, थेंबांच्या वेळा पाळत होते. पण बोलायची नाही. शाळेत कुणी विचारलं, "काय, ग्रीस कधी?" तर सुट्टी मिळत नाही म्हणायची. रात्रंदिवस एकच गोष्ट मनात घोळायची. एकतीस वर्षं मी वाट पाहिली, आणि तो माणूस आला तो नापास होऊन. माझ्या वाट पाहण्याचा त्यात काही भागच नव्हता. आज लिहिताना ते वाक्य किती कोतं वाटतं. तेव्हा तेच मोठं होतं.

अशी एक लावणी गेली, एक कापणी गेली. पुढच्या श्रावणात आक्का तिच्या घरी आजारी पडली म्हणून आम्ही वैशाखऱ्याला गेलो. ती अंथरुणावर होती. यांचा हात चाचपडत तिच्या खांद्याला लागला, मग गालाला, तेव्हा तिला कळलं की नजर किती उतरलीय. मला म्हणाली, "तुमी त्या नावेत जानार होते ना? जा गो आता. उशीर नको करू."

परत येताना मी यांना म्हणाले, "जाऊया आपण. त्यांचा माणूस घेऊ सोबत. मी विचारते उद्याच."

ते रागाने नाही, अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "आता काय बघू तिथं? तू बघून आलीस तर मला सांग."

मी गेले नाही. एकटीने जाऊन काय सांगणार होते? त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहील असं काही मला सांगताही येत नव्हतं.

माझ्या हातात तेव्हा सात आठवडे होते, आणि त्यांच्या डोळ्यांत थोडी नजर. ग्रीसला नकार कळवायच्या आधी दोन दिवस थांबले असते तर? कुणी मला दोष देत नाही. यांनी तर कधीच दिला नाही. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाले, "तू रागवायला नको होतीस का? मीच खोटं बोललो होतो." आणि चहा मागितला.

गेल्या वर्षी आक्का गेली. तिच्या वर्षश्राद्धाला आम्ही एसटीने निघालो. आता यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी गाडी चालवायची सोडली. यांना एकटं मागे बसवायचं नाही आणि पुढे बसवलं तर दर वळणाला त्यांचा हात डॅशबोर्डवर जातो. मुरबाड सोडल्यावर मी नेहमीप्रमाणे सांगायला लागले. शेतं हिरवी आहेत, डोंगरावर ढग आहे, ढाब्याचा बोर्ड लाल आहे.

"रंग सांगू नको," हे म्हणाले. "किती लांब ते सांग."

"डोंगर? असेल तीन-चार किलोमीटर."

"आणि त्याच्या अलीकडे?"

"शेतं. बांधावर एक बाई. डोक्यावर लाकडाचा भारा."

"कुठल्या बाजूला जातेय?"

"आपल्याकडे येतेय. रस्त्याकडे."

"किती लांब?"

मी डोळे बारीक करून अंदाज घेतला. "दोनशे मीटर."

"बरोबर सांगतेस का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मला अंतर कळत नाही अजून."

"शिकशील," ते म्हणाले, आणि टोकावडं येईपर्यंत मला एकेक गोष्ट विचारत राहिले.