बिननंबरच्या चष्म्याचे आठ दिवस

माझी धाकटी जाऊ चाळीस वर्षं शर्टांना काजं करतेय. मशीनलाही असं काज जमायचं नाही, असं तिचे टेलरमास्तर कौतुकानं सांगायचे. पण मध्यंतरी काजं तिरकी जायला लागली. शर्ट परत आले. मास्तरांनी निरोप धाडला, आणखी एकदा असं झालं तर काम दुसरीला देईन. तिला हातात सुई नसली की करमत नाही. मग दिवसभर माझंच डोकं खाते. म्हणून मीच तिला डोळे तपासायला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी नंबरची चिठ्ठी दिली. म्हणाल्या, फ्रेम कुठूनही आणा, काचा आम्ही बसवून देऊ. जाऊला ते पटलं. मास्तरांकडेसुद्धा गिऱ्हाईक कापड बाहेरून आणतं आणि फक्त शिवून घेतं. आम्ही बाजारातून एक तपकिरी फ्रेम घेतली. बघतो तर तिच्यात काचा होत्याच. मी म्हटलं, अगं, या तर बसवलेल्याच आहेत. ती म्हणाली, बरं झालं, एक खेप वाचली. दोघींनी मिळून अक्कल चालवली ती अशी. काचेवर चिकटवलेला कागद तिनं नखानं खरवडला आणि चष्मा नाकावर चढवला.

पहिले दोन दिवस तिला जरा फरक वाटला. मग वाटेना. नव्या चष्म्याची सवय व्हावी लागते, असं मीच तिला समजावत होते. नवव्या दिवशी ती सुई खाली ठेवून बसून राहिली.

"ताई, चष्म्यानंही दिसत नाही म्हणजे डोळेच गेले गं माझे."

मी तशीच तिला घेऊन पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिथल्या चष्मेवाल्यानं अंगठ्यानं दाबली तशी काच टपकन बाहेर पडली. जाऊला वाटलं, यानं मोडली. तो म्हणाला, मावशी, हे साधं प्लास्टिक आहे, फ्रेमचा आकार बिघडू नये म्हणून घालतात. मग दोन दिवस मला बरं दिसत होतं ते कशानं, असं तिनं विचारलं. त्याला सांगता येईना. मलाही अजून उलगडलेलं नाही.

नंबरच्या काचा बसवून घरी आलो. तिनं त्या आठ दिवसांत काजं केलेल्या शर्टांचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि एकेक काज बघत गेली.

"हे मी केलं?"

तिनं मास्तरांना कळवलं की शर्ट दोन दिवस उशिरा मिळतील, चूक माझी आहे. मग सगळे टाके उसवले आणि पुन्हा घातले. मास्तर स्वतः आले. उजेडात धरून त्यांनी एकेक काज पाहिलं. जाताना नव्या शर्टांचं गाठोडं तिच्यापुढे ठेवून गेले.