दहाबोच्या लेकीचा सलाम आणि बर्बेराचं जहाज

दहाबोची लेक टीव्हीवर बातम्या द्यायला बसणार, ही बातमी लंडनमधल्या वूलिचच्या आमच्या इमारतीत टीव्हीच्या कितीतरी आधी जिन्याने दिली. जिन्याला कोणी दिली, हे सांगायला नकोच. पण दहाबो तेवढ्यावर थांबती तर ती दहाबो कसली! माझी उबाह बातम्या सुरू करण्याआधी तुम्हा सगळ्यांना सलाम करील, असा शब्दही तिने बायकांना देऊन टाकला.

उबाहच्या कानावर हे गेलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला.

सोमाली मुलखातल्या बुरओत जन्मलेली ही मुलगी लंडनला आली ती परकराच्या वयातच. कुणाच्या घरी काय शिजतंय, कोण कुणाशी बोलत नाही, हे तिला तेव्हापासून सगळ्यांच्या आधी कळायचं. अशा मुलीचं दुसरं काय होणार? सोमाली रेडिओवर लागली. तिचा आवाज बर्मिंगहॅमपासून बर्बेरापर्यंतच्या चहाच्या दुकानांत पोचला. आवाजावर भाळून स्थळंही यायची. मग घरी येऊन, सांबूस, म्हणजे तिकडचे सामोसे, खाऊन, ‘रेडिओवर उंच वाटली होती’ असं पुटपुटत निघून जायची. रेडिओवरून ती जगभर दिसणाऱ्या एका इंग्रजी चॅनेलमध्ये गेली आणि वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी वाचायच्या बातम्या लिहीत राहिली. आता कुठे एका संध्याकाळपुरतं तिला कॅमेऱ्यासमोर बसवून पाहणार होते. संपादक डंकन हा उन्हात वाळत घातल्यासारखा माणूस. त्याने आधीच बजावलं होतं: घरगुती बोलणं नाही, दिलेल्या वेळेच्या पुढे एक क्षण नाही. चुकलीस तर परत लिहायच्या टेबलावर, आणि मग कायमची तिथेच.

"हूयो, मी तिथे सलाम केला तर ते मला घरी पाठवतील," उबाहने आईला समजावलं.

"मग ये की घरी. घर काय वाईट आहे?" दहाबो म्हणाली.

आपल्यात माणूस बातमी घेऊन आला की आधी विचारपूस करतो, मग बातमी सांगतो. वाळवंटात दोन उंटवाले भेटले तरी हेच. तू काय उंटवाल्यांपेक्षा मोठी झालीस, असं तिने वर ऐकवलं. उबाह हात जोडून कामावर गेली.

नेमकं त्याच दुपारी बर्बेराच्या बंदराबाहेर एक जहाज गप्प झालं. सौदीला निघालेलं, शेळ्यामेंढ्यांनी भरलेलं. रेडिओला उत्तर नाही, जागचं हलेना. झालं, सगळी चॅनेलं एका सुरात ओरडायला लागली: समुद्री चाचे! डंकनला बंदरातला कोणीतरी माणूस हवा होता आणि तो काही केल्या मिळेना. शेवटी उबाहने आईला फोन लावला. चहा निवेपर्यंत दहाबोने माणूस शोधून दिला. अदीर रोब्ले, म्हणजे उबाहचे लांबचे चुलते. तरुणपणी इंग्रजी जहाजांवर होते, आता बर्बेरात जहाजांना वाट दाखवत बंदरात आणायचे. दहाबोने नंबर दिला, तोही एका शब्दाने अडवून न धरता. उबाहला शंका यायला हवी होती ती इथेच.

संध्याकाळी दहाबोच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. उबाह पडद्यावर आली, जगाला शुभसंध्या म्हणाली आणि सरळ बातम्यांना लागली. बायकांनी दहाबोकडे पाहिलं. दहाबोने हलव्याची थाळी फिरवली.

मग पडद्यावर अदीर रोब्ले आले, मेंदीने लाल केलेल्या दाढीसकट. उबाहच्या हाती तीन मिनिटं होती. जहाजावर काय झालंय, तिने विचारलं.

"आधी सांग, शांती आहे ना?" अदीर म्हणाले. त्यांची इंग्रजी जहाजावरची, ऐसपैस.

"आहे, अदीर. ते जहाज—"

"घरची माणसं सुखरूप? तिकडे पाऊस झाला?"

"झाला. रोजच होतो."

"देवाची कृपा. जनावरं कशी आहेत?"

उबाहच्या कानातल्या यंत्रात डंकन खेकसला, आवर त्याला. आपल्याकडे जनावरं नाहीत, असं उबाहने कबूल केलं. अदीरना फार वाईट वाटलं. एक शेळीसुद्धा नाही? एवढी चांगली नोकरी करतेस, आणि एक शेळी नाही?

कानात डंकन ‘तोड, तोड’ करत होता. उबाहने मनात हिशेब केला. त्यांना आत्ता तोडलं तर डंकन खूश, पण बातमी गेली. विचारपूस पुरी होऊ दिली, तर मात्र अदीरना काही म्हणता काही लपवता येणार नाही. सलाम घेतलेला माणूस हातचं राखून बोलला तर बर्बेरात त्याला कोणी चहा पाजणार नाही. तिने कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि नीट मांडी ठोकल्यासारखी बसली.

"अदीर, तुमची तब्येत कशी आहे? घरचे? उंट?" मग सगळं झालं, सांडणीच्या बाळंतपणासकट. शेवटी अदीरनी विचारलं, "आणि दहाबो? तिने मला मघाशीच बजावलंय, तिच्या शेजारणींना सलाम सांगितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

उबाहने कॅमेऱ्याकडे पाहिलं. "हूयो, शेजारणींनो, अदीरचा सलाम. माझाही."

वूलिचमध्ये असा गिल्ला झाला की खालच्या मजल्यावरच्यांनी छताला झाडू ठोकला.

"हं, आता जहाज," अदीर म्हणाले. "चाचेबिचे कोणी नाहीत. बोकड आहेत. मी स्वतः होडीने जाऊन पाहून आलो. खालचं फाटक उघडं राहिलं, सगळा कळप वर चढला. सुकाणूच्या खोलीत बोकड, रेडिओच्या तारा चावल्या त्यांनी. कप्तान आणि खलाशी स्वयंपाकघरात कडी लावून बसलेत. कप्तानाला मेंढ्यांची भीती वाटते, हे कोणाला सांगू नका म्हणालाय."

बाकीची चॅनेलं त्या वेळी युद्धनौका मोजत होती.

दुसऱ्या दिवशी डंकनने उबाहला बोलावलं. चेहरा तसाच वाळलेला. कानातलं यंत्र काढल्याबद्दल त्याने तिला मनसोक्त झापलं. मग संध्याकाळच्या बातम्या तिच्याकडे कायमच्या दिल्या, आणि सोमाली मुलखातल्या मुलाखतींना तीनऐवजी पाच मिनिटं. वरची दोन सलामाची.

उबाहने घरी येऊन हे सांगितलं. आई निदान आता तरी खूश होईल, असं तिला वाटलं होतं.

"दोन?" दहाबो म्हणाली. "दोन मिनिटांत माणूस पणजोबाच्या नावापर्यंत तरी पोचतो का? साहेबाला म्हणावं, जेवायला ये. मी बोलते."