मिरचीचे हात

शेजारचे काका मिरची बाजारातून परतले की संध्याकाळी आमच्याकडे येऊन माझ्या धाकट्या भावाचा अर्धा राहिलेला गेम खेळतात. भाऊ गेला, पडद्यावरच्या योद्ध्याला अजून त्याचंच नाव आहे. गुहेत काही अंगावर आलं की काका दचकून दोन्ही हात डोळ्यांवर नेतात. हात कितीही धुतले तरी मिरची जात नाही. योद्धा मरतो, आणि काका डोळे चोळत म्हणतात, "परत लाव."

काल शेवटचा राक्षस छतावरून एकदम कोसळला. मी किंचाळलो. काकांचे हात मात्र बटणांवरून हलले नाहीत. राक्षस आडवा झाला.

"दख, बेटा. तुन्हा भाऊ जिंकी गया."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी बघतोय हे कळल्यावर म्हणाले, "मिरची शे."

हात अजून बटणांवरच होते.